बेलभंडाऱ्याबाहेरचा माणूस

भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर पेंढ्याची गंज चढत होती आणि ज्याच्या वाट्याला आता काम करण्यापेक्षा काम करणाऱ्यांवर ओरडणेच उरले आहे असा मी, कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. यासीनचा फोन आला. "तात्या, अब्बा गेले," एवढेच बोलून तो थांबला. मी विचारले, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच. चहा मागितला, आन् चहा येईपर्यंत..." मी झोडणी थांबवली नाही. दस्तगीरला ते आवडले नसते. पावसाळी हवेत भात खळ्यावर उघडे टाकून मातीला येणाऱ्या माणसाला त्याने कबरीतूनही सुनावले असते. गडी माणसांना सूचना देऊन, धोतर बदलून मी निघालो.

दस्तगीर मुलाणी. आमच्या गावच्या एसटी थांब्यासमोर त्याचे खिळे, कुलपे, दोर आणि ताडपत्र्यांचे दुकान. पौड रस्ता सोडून आत वळल्यावर पहिले लागते ते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आयुष्यात पाच वेळा ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली, पाचही वेळा पडला. त्यांतल्या पहिल्या दोन वेळा मीच त्याला पाडले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणी मित्रप्रेमाच्या खाती टाकू नये. आमचे मैत्र फार उशिरा जमले. त्याआधी आमचे वैर होते, आणि ते मोठे सचोटीचे वैर होते. निदान त्याच्या बाजूने तरी.

पंधरवड्याने ग्रामपंचायतीच्या सभागृहात शोकसभा झाली. सभागृह भरले होते. दस्तगीर हयात असताना ज्यांनी त्याच्या बोलण्याला वैतागून याच सभागृहातून खुर्च्या सरकवत काढता पाय घेतला होता, ते सगळे पहिल्या रांगेत बसले होते. एकाने सांगितले की चाचा कधी कोणाला दुखवत नसत. दुसऱ्याने सांगितले की त्यांना पदाचा मोह म्हणून नव्हता. तिसरा म्हणाला, उतारवयात ते अगदी निवळले होते. मग विलास उठला. विलास म्हणजे सध्याच्या सत्ताधारी पॅनेलचा म्होरक्या. माझ्या मांडीवर खेळलेला, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्का. तो म्हणाला, "चाचा गावाच्या एकीसाठी जगले. तवा येती निवडणूक आपन बिनविरोध करू, हीच चाचांना खरी श्रद्धांजली." टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! मी उभा राहिलो. "हे खोटं आहे," मी म्हणालो. मागून कोणी बोलले, "तात्या, बसा, शोकसभा हाय." मी विचारले, "म्हणजे शोकसभेत खोटं चालतं?" दोघे-चौघे हसले, विलासने हात जोडले आणि दोन मिनिटे स्तब्धतेची घोषणा झाली. माणसाला गप्प करायचे असेल तर याहून सभ्य युक्ती मी तरी पाहिलेली नाही.

त्याच आठवड्यात एका पुरवणीत दस्तगीरवर एक टिपणही छापून आले. लिहिणारे गृहस्थ पुण्याचे. कासार आंबोलीला त्यांचा शनिवार-रविवारचा बंगला आहे आणि त्या बंगल्याची कुलपे ते दस्तगीरकडून नेत. त्यांनी त्याला 'धार्मिक सलोख्याचे प्रतीक' ठरवले आहे. भावना चांगली असेल, मी नाकारत नाही. पण दस्तगीर कशाचेही प्रतीक नव्हता. तो खिळे विकत होता आणि प्रश्न विचारत होता. माणसाचे प्रतीक केले की त्याचे म्हणणे ऐकायची जबाबदारी संपते, म्हणून तर लोकांना प्रतीके इतकी आवडतात. या दोन्ही बाजूंच्या हारांखालून त्याला बाहेर काढावे, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या गावाची एक रीत होती, आणि तिचा आम्हांला मोठा अभिमान होता. निवडणूक लागली की भैरवनाथाच्या देवळात बैठक बसायची. वडीलधारे नावे ठरवायचे. मग ताटात बेल आणि भंडारा येई. एकेकाने तो उचलून शपथ घ्यायची, की ठरलेल्या नावांखेरीज कोणी अर्ज भरणार नाही. बेलभंडारा उचललेला माणूस शब्द फिरवत नाही, ही आमच्याकडची श्रद्धा. म्हणून आमचे गाव वर्षानुवर्षे बिनविरोध. तालुक्याला आमचे दाखले देत. मी पहिल्यांदा सरपंच व्हायचे ठरले त्या वर्षीही असेच झाले. बेलभंडारा सगळ्या मंडपातून फिरला, माझ्या गळ्यात हार पडला, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी पौडच्या तहसील कचेरीतून निरोप आला की माझ्या वॉर्डात दुसराही एक अर्ज आहे. दस्तगीर मुलाणी, धंदा दुकानदारी.

मी तसाच त्याच्या दुकानात गेलो. तो दोर मापत होता. "दस्तगीर, देवळात शपथ झाली, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "व्हय तात्या, बघत व्हतो की. चपलांपाशी हुबा व्हतो." "मग अर्ज कसा भरलास?" त्याने दोराची गाठ मारली आणि शांतपणे म्हणाला, "मला कुनी इचारलंच न्हाई. ताट माझ्या म्होरनं गेलं, थांबलं न्हाई. शपत तुमची झाली. मी त्यात कुटं हाय?" आणि ते खरे होते. सगळ्या गावाला बांधून घेताना आम्ही त्याला मोजलेच नव्हते. मुसलमानाला बेलभंडारा कसा द्यायचा, असाही विचार कोणी केला नव्हता. तो विचार करण्याइतकाही तो कोणाच्या ध्यानात नव्हता. त्याला काय, घरातल्या बायकांना तरी कोणी विचारले होते? कातकरी वस्तीवर तरी ताट कुठे गेले होते? आम्ही ज्याला सगळे गाव म्हणत होतो, ते त्या देवळाच्या मंडपात मावणारे शे-दीडशे पुरुष होते.

मी चिडलो. म्हणालो, "तू पडणार. अनामत जाईल. कशाला हसं करून घेतोस?" त्यावर तो जे बोलला ते मी त्याच शब्दांत देतो, कारण शोकसभेत त्याच्या तोंडी भलतीच वाक्ये घातली गेली आहेत. तो म्हणाला, "तुमी निवडून येनारच हायेत तात्या. मग मतं मोजाय का भ्यायचं? माझ्याबिगर सरपंच झालात तर चार मान्सांचं व्हाल. मला पाडून झालात, तर गावाचं." मला ते उद्धटपणाचे वाटले. आज वाटते, माझ्या सरपंचपदाबद्दल इतकी आस्था माझ्या स्वतःच्या पॅनेललाही नव्हती.

त्यानंतर त्याच्या दुकानावरचे गिऱ्हाईक हटले. लोक चार खिळ्यांसाठी पौडला जाऊ लागले. गावात अलीकडे सांगतात की तात्यांनी तेव्हा बहिष्कार मोडून काढला. मी असले काही मोडले नाही. मी बहिष्काराची हाक दिली नव्हती, हे खरे. पण तो थांबवलाही नव्हता, आणि त्या वर्षी माझ्या गोठ्यावर पत्रे चढवले तेव्हा त्यांचे खिळे मीही पौडहून आणले. माझ्या बाजूने खोटे बोलणाऱ्यांनाही या लेखात सवलत नाही. निवडणुकीनंतर पहिल्यांदा मी त्याच्या दुकानात पाऊल टाकले, तेव्हा त्याने डोळे मिचकावून एवढेच विचारले, "पौडचं खिळं वाकडं निघालं व्हय?"

पण निवडणुकीआधी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याशिवाय दस्तगीरच्या त्या अर्जाची किंमत कळणार नाही. विरोधात माणूस उभा म्हटल्यावर मला मते मागत फिरणे भाग पडले. तोवर माझ्या घराण्यात कोणी कोणापुढे मतासाठी हात जोडला नव्हता. फिरता फिरता मी कातकरी वस्तीवर गेलो. माझ्या बांधापासून ती दहा मिनिटांच्या अंतरावर. लहानपणापासून मी तिथला धूर पाहत आलो होतो, पण पाय कधी टाकला नव्हता. ठकूबाई नावाची एक बाई झोपडीपुढे कुडाला शेण लावत होती. मला पाहून म्हणाली, "तात्या, वाट सापडली व्हय?" मी ओशाळून बसलो. ती म्हणाली, "बसा, पानी देते. पर थांबावं लागंल." आणि हंडा घेऊन ती निघून गेली. मी बसून राहिलो. उठून जाणे बरे दिसले नसते, आणि मत हवे होते, हेही लपवत नाही. पाऊण तासाने ती ओढ्यावरून परत आली, तांब्यात पाणी गाळून माझ्या हातात दिले आणि पुन्हा शेण कालवायला लागली. तक्रार केली नाही, मागणी केली नाही. मी ते पाणी प्यालो... त्याची चव अजून जिभेवर आहे, आणि ती पाण्याची नाही.

निवडून आल्यावर वर्षाच्या आत वस्तीवर नळ नेला. त्याच्या कोनशिलेवर माझे नाव आहे, आणि आजही लोक म्हणतात, तात्यांनी पाणी आणले. मी वारंवार सांगत आलो आहे, आज छापून सांगतो: पाणी दस्तगीरच्या अर्जाने आणले. तो उभा राहिला नसता तर मी देवळातून हार घालून घरी गेलो असतो आणि पाच वर्षे त्या धुराकडे लांबून पाहत राहिलो असतो. मी काही दुष्ट माणूस नव्हतो. चांगल्या माणसालाही त्या वाटेवर चालायला लावणारे काहीतरी लागते, आणि बिनविरोध गावात ते नसते. दस्तगीरला त्या निवडणुकीत मते किती पडली? हातापायांची बोटे पुरतील एवढी. त्याच्याच घरातली सगळी त्याला मिळाली की नाही, यावर गावात आठ दिवस पैजा चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्यावर आला, म्हणाला, "सरपंच, अभिनंदन. ग्रामसभा कवा लावताय?"

त्याची ही एक तऱ्हा मी तेव्हा पहिल्यांदा टिपली. दुकानात आणि रस्त्यात मी त्याचा 'तात्या'. ग्रामसभेत आणि पंचायतीच्या कामात 'सरपंच'. ही सरमिसळ त्याने कधी होऊ दिली नाही. सभेत माझे वाभाडे काढून तासाभराने तोच माणूस दुकानातून माझ्या नातीसाठी गोळ्या पाठवी. लोकांना हे ढोंग वाटे. मला उलट आता वाटते की गावातला तो एकटाच माणूस खुर्ची आणि खुर्चीत बसलेला मनुष्य यांत फरक करत होता.

माझ्या दुसऱ्या कारकिर्दीतली गायरानाची सभा मला विसरता येत नाही. गायरानाच्या कडेने बंगल्यांच्या वसाहतीला रस्ता द्यायचा ठराव होता. आमचे बहुतेकांचे मत अनुकूल होते. रस्ता आला की जमिनींना मोल येईल, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. ग्रामसेवकाने ठराव वाचून दाखवला आणि सह्यांसाठी वही पुढे केली. दस्तगीर मागच्या बाकावरून उठून टेबलापाशी आला, वहीत वाकून पाहिले आणि म्हणाला, "भाऊसाहेब, सभा तर आता बसलीया. ही 'सर्वानुमते मंजूर'ची शाई कवा वाळली?" सभा हसली. ग्रामसेवकाचा चेहरा उतरला. ती ओळ आदल्या दिवशी माझ्याच समोर लिहिली गेली होती आणि मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. दर वेळी तसेच होत असे. मी म्हणालो, "बरं, हात वर करा. विरोधात कोण?" एकच हात वर झाला. मी म्हणालो, "एका हातानं काय होतंय, दस्तगीर?" तो हात खाली न घेता म्हणाला, "मोजाय सुरवात तर एकापास्नंच करत्यात न्हवं, सरपंच?" ओळ खोडावी लागली. तिच्या जागी बहुमताने मंजूर, विरोधात एक, असे लिहिले गेले, आणि मगच तो जागेवर जाऊन बसला.

रस्ता झाला. गायरानाला तारेचे कुंपण पडले. अलीकडे एकाने मला सांगितले, चाचांनी तो रस्ता अडवला होता. नाही, अडवला नव्हता. कचेरीत जाऊन आडवा पडला नाही, रात्रीत तारा तोडल्या नाहीत. त्याचे म्हणणे होते, "ठराव झाला, मग झाला. पुढल्या सभेत परत इचारीन." आणि त्याने विचारले. गुरांना जायला वाट सोडायचे ठरावात होते. ती कुठे आहे, एवढे एकच तो प्रत्येक सभेत उठून विचारी. माझ्या काळात विचारले, माझ्या नंतरच्याच्या काळात विचारले. लोक त्याच्या उठण्याला जांभया देऊ लागले. अखेर कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, कुंपणाला फाटक बसले. आज त्या फाटकातून ज्यांची गुरे जातात, त्यांतले निम्मे लोक त्या वेळी त्याला हसत होते. असो.

तो नेहमी बरोबर असे, अशी दंतकथाही आता मी उभी राहू देणार नाही. शाळेची नवी खोली उतारावर बांधायला त्याने कडाडून विरोध केला होता. आमच्या मुळशीच्या पावसात तो उतार धुऊन जाईल, खोली खचेल, पोरांच्या अंगावर येईल, असे तो तावातावाने बोलला. आम्ही त्याला मतांनी हरवले आणि खोली बांधली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षीच्या एका सभेत, विषयपत्रिकेवर काही नसताना, तो उठला. "त्या शाळेच्या खोलीला म्या इरोध केला व्हता. खोली पक्की निघाली. दोन येळा भिताडं चाचपून आलो. माझं चुकलं. लिवून घ्या." ग्रामसेवक गोंधळला. असा ठराव कसा लिहायचा, कोणत्या विषयाखाली लिहायचा, त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "म्हणतोय तसं लिहा." दोन कारकिर्दींत मी बऱ्याच गोष्टींत चुकलो, पण माझ्या चुकीची एक ओळही त्या वह्यांत सापडणार नाही. त्याच्या चुकीची आहे. चुकलो म्हणायला ज्या जागी माणसाला भीती वाटत नाही, ती जागा राखण्यासारखी असते. आणि ती देवळातल्या शपथेने राखली जात नाही. तिथे चुकलेला माणूस थेट पापी ठरतो.

तिसऱ्या वेळी मी पडलो. माझ्याच पॅनेलमधल्या लोकांनी मला पाडले, विलासचे वडील त्यांत पुढे होते. ज्या माणसाने कधी पराभव पाहिला नाही त्याला पराभव कसा सोसतात हे शिकवलेले नसते. मी घरात बसून राहिलो. ग्रामसभेला जायचे नाही, असे मनाशी ठरवले. सभेच्या दिवशी दस्तगीर दारात आला. मला वाटले, खिजवायला आला. तो म्हणाला, "तात्या, चला. उशीर झालाय." मी म्हणालो, "मी पडलोय." "मग काय झालं? पडलेल्या मान्साला बसाय बाक हाय की तितं. मी इतकी वर्सं कुटं बसत व्हतो?" आणि तो मला घेऊन गेला. मागच्या बाकावर सरकून त्याने जागा केली. माझ्या आजोबांच्या काळी सत्ता गेलेला पाटील गाव सोडून जाई, नाहीतर सूड घेई. मी पडलो, आणि पहिल्याच ग्रामसभेला त्याच गावात, ज्यांनी पाडले त्यांच्यासमोर बसून त्यांना उत्तर मागू शकलो. हे ज्याला किरकोळ वाटते त्याने एकदा पडून पाहावे.

त्या बाकावर आम्ही पुढची पंधरा-सोळा वर्षे शेजारी बसलो. आमचे तिथेही पटत नसे. कित्येक ठरावांना त्याचा हात वर आणि माझा खाली. पण आमच्या मैत्रीचा हाच पाया होता, आणि शोकसभेत ज्यांनी त्याला निवळवले त्यांना हे कळणार नाही. तो निवळला वगैरे काही नव्हता. त्याला पदाचा मोह नव्हता, हेही खरे नाही. प्रत्येक वेळी पडल्यावर तो दोन दिवस जेवत नसे, हे त्याच्या बायकोने, जैनबभाभींनी, मला सांगितले आहे. त्याला निवडून यायचे होते. पंचायतीच्या टेबलाच्या त्या बाजूला एकदा तरी बसायचे होते. ते जमले नाही, तरी त्याने टेबल उलथवले नाही.

शेवटचे भेटलो ते तो जाण्याआधी महिनाभर. गुडघे गेले होते, दम लागत होता, पण नजर तीच. मला पाहताच म्हणाला, "कोन कोन भरतंय अर्ज?" मी म्हणालो, "कोणी नाही. विलास बिनविरोध म्हणतोय." तो म्हणाला, "आन् तुमी?" मी माझे वय सांगितले. तो हसला. "मशिनीला वय दिसत न्हाई, तात्या." बस, इतकेच. त्याने माझ्याकडून वचन घेतले, असे गावात आता पसरले आहे. ते साफ खोटे आहे. वचनांवर आणि शपथांवर त्याचा विश्वास नव्हता. ज्याला जे करायचे ते त्याने स्वतःच्या मनाने करावे आणि सर्वांसमोर करावे, असा त्याचा खाक्या होता.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी देवळात बैठक बसली. या वेळी यासीनलाही आवर्जून बोलावले होते; प्रगतीच की ही. नावे ठरली. सभागृहाला दस्तगीरचे नाव देण्याचेही ठरले. मग ताट फिरले. बेलावर भंडारा पिवळाजर्द पडला होता. हातामागून हात पुढे होत होते. ताट माझ्यापुढे आले आणि थांबले. मी भैरवनाथाला नमस्कार केला, माझी श्रद्धा कोणी काढू नये, पण ताटाला हात लावला नाही. विलास म्हणाला, "तात्या, चाचांसाठी तरी." मी म्हणालो, "त्याच्यासाठीच." मंडपात कुजबुज झाली. बाहेर आलो तर मागोमाग यासीन आला. "तात्या, तुमाला काय, तुमचं घर मोठं. अब्बा गेले. आमाला हितंच ऱ्हायाचंय, दुकान चालवायचंय. अब्बांच्या नावानं भांडन नको." मी त्याच्यावर रागावलो नाही. पौडहून आणलेले खिळे मला आठवत होते. त्याची भीती खोटी नाही, आणि ती भीती ज्यांनी पैदा केली त्यांत एक मीही आहे.

तरीही मी अर्ज भरला. आता तो संगणकावर भरून छापून घ्यावा लागतो. पौडच्या केंद्रातल्या मुलीने विचारले, "आजोबा, सूचक कोण?" त्याच वॉर्डातल्या एका मतदाराची सही लागते. माझा मुलगा हिंजवडीला नोकरीला, नाव तिकडेच. भावकीतल्या तिघांकडे गेलो. तिघांनीही बेलभंडारा उचलला होता. चौथ्याने तर दारातूनच, "तात्या, आता राम राम म्हनायचं वय," असे सुनावले. तेव्हा मी मुलाण्यांच्या घरी गेलो. जैनबभाभींचे इद्दतीचे दिवस चालू आहेत. नवऱ्याच्या मागे चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडत नाहीत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मी पडवीत बसलो, त्या आतल्या खोलीत पडद्यापलीकडे. यासीन मध्ये उभा. मी म्हणालो, "भाभी, सूचक मिळत नाही. तुमच्या घराला त्रास होणार असेल तर नाही म्हणा, मी उठतो." आतून त्या म्हणाल्या, "वाचा आधी."

मला कळेना. यासीनने सांगितले, की अब्बांची सवय होती. अर्ज भरला की याच पडवीत बसून ते तो अख्खा मोठ्याने वाचत, आणि अम्मा ऐकून हो म्हणाल्या की मगच पौडला जात. पाचही वेळा तसेच झाले होते. मी चष्मा चढवला आणि वाचायला लागलो. नाव. वडिलांचे नाव. वय, अठ्ठ्याहत्तर. आतून आवाज आला, "वय खरं लिवलंय न्हवं?" यासीनला हसू फुटले, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच असावे. मी वाचत राहिलो. वॉर्ड. धंदा. जंगम, स्थावर. ज्या पडवीत माझ्याविरुद्धचे दोन अर्ज मोठ्याने वाचले गेले, तिथे मी माझा वाचत होतो... शेवटची ओळ झाली. पडद्याखालून एक हात पुढे आला. यासीन म्हणाला, "अम्मा, इचार कर." त्या म्हणाल्या, "इचार तुज्या बापानं पाच येळा केला. माझं मत माझं हाय. कागद दे." यासीनने माझ्याकडे पाहिले, खिशातले पेन काढले, टोपण उघडले आणि आपल्या हाताने कागद आत दिला.

अर्ज छाननीत मंजूर झाला आहे. तेव्हापासून माझ्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी येते. वडीलधारे येतात, भावकी येते, विलास दोनदा येऊन गेला. गावाची परंपरा, गावाची शोभा, माझी प्रकृती, सगळे ऐकून घेतो, चहा पाजतो. मी निवडून येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मला हरवायला सगळ्या वॉर्डाला घराबाहेर पडावे लागेल, रांगेत उभे राहावे लागेल आणि बोटाला शाई लावून घ्यावी लागेल. तेवढेच मला हवे आहे. हा मजकूर वाचकांच्या हाती पडेल तेव्हा अर्ज मागे घेण्याची मुदत संपलेली असेल. मी अर्ज मागे घेतलेला नसेल.